समजूत आणि अंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीस बोलवावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडून घरच्याच बाईला उभे केले. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्राचीही नाही. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एवढीच माझी पुंजी. परंतु २०२० सालच्या साथीत एका मोजमापाच्या कामी माझा हात लागला आणि त्यात मी स्वतः चुकले. ती चूक आपणांपुढे मांडावी, म्हणून हे निमंत्रण मी स्वीकारले.

त्या वर्षीच्या तारखा आपणां सर्वांना पाठ आहेत. ९ मार्चला पुण्यात पहिले रोगी सापडले, ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. आपल्या मंडळाचे भजन, शिवणवर्ग, भिशी सगळे थांबले. त्याच दिवसांत माझ्या थोरल्या नणंदेच्या मुलीचा मुंबईहून फोन आला. ती तेथे शिकत होती आणि तेथेच अडकली होती. म्हणाली, "मामी, अभ्यासासाठी एक प्रश्नावली करते आहे. लोकांच्या आरोग्याविषयीच्या समजुती काय आहेत आणि ते प्रत्यक्षात अंतर किती पाळतात, हे मोजायचे आहे. माझे मराठी पुस्तकी होते. तू ते बायकांच्या बोलीत आणून दे आणि तुझ्या ओळखीच्या तीस-पस्तीस जणींना फोनवर विचार."

मी तिला म्हटले, "अगं, समजूत ही काय शेरा-मापट्याने मोजायची वस्तू आहे?" त्यावर तिने मला जी हकीकत सांगितली, ती आपणांसही आवडेल.

अमेरिकेत १९५० च्या सुमारास क्षयाचा तपास फुकट होत असे. छातीचा फोटो काढणाऱ्या गाड्या लोकांच्या दारापर्यंत जात, तरी लोक येत नसत. फुकट आहे, जवळ आहे, दुखत नाही, मग का येत नाहीत? सरकारी आरोग्यखात्यातील हॉकबॉम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बोस्टन, क्लीव्हलंड आणि डेट्रॉईट या तीन शहरांत बाराशेहून अधिक माणसांना विचारून पाहिले. 'आपल्यालाही हा रोग होऊ शकतो' आणि 'लवकर कळले तर फायदा आहे', या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी शेकडा ८२ जणांनी आपण होऊन फोटो काढून घेतला होता. ज्यांना दोहोंपैकी एकही पटली नव्हती, त्यांच्यापैकी शेकडा २१ जणांनीच. १९५८ साली हे प्रसिद्ध झाले. गाडी दारात येणे पुरेसे नाही, ती मनाच्याही दारात यावी लागते, असा त्याचा अर्थ.

पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची एक मांडणीच केली. माणूस आरोग्याचा एखादा नियम पाळील की नाही, हे मुख्यतः चार समजुतींवर ठरते. हा रोग मला होईल काय? झाला तर कितपत वाईट? नियम पाळल्याने उपयोग होईल काय? आणि पाळण्यात अडचणी किती? त्यांना जोड म्हणून आठवण करून देणारे एखादे निमित्त लागते, आणि पुढे १९८८ साली आणखी एक गोष्ट तीत आली, ती म्हणजे 'हे मला जमेल' असा स्वतःवरचा भरवसा. प्रत्येकीसाठी चार-सहा विधाने करायची, 'पूर्ण पटते' पासून 'अजिबात पटत नाही' पर्यंत पाच पायऱ्या ठेवायच्या, उत्तरांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज म्हटल्यावर मी तयार झाले. गणिताच्या बाईला दुसरे काय हवे?

परंतु पहिली अडचण भाषांतरातच आली. तेव्हा जो तो 'सोशल डिस्टन्सिंग' म्हणत होता आणि वर्तमानपत्रे त्याचे 'सामाजिक अंतर' करीत होती. भगिनींनो, आपल्या देशात सामाजिक अंतर हा शब्द उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. शिवाशिवीच्या नावाखाली येथे माणसांनी माणसांना किती पिढ्या लांब उभे केले! आणि आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या कितीजणी महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसल्या आहेत! खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणणे अधिक बरे, असे सांगितले होते. तेव्हा मी 'सहा फूट लांब राहणे' असे साधे शब्द घातले.

दुसरी अडचण पहिल्याच विधानाची. 'येत्या काही महिन्यांत मला हा रोग होण्याचा संभव आहे.' हे वाक्य वाचून दाखवले, की पलीकडून उत्तर येई, "असे अभद्र कशाला बोलता हो? वास्तू तथास्तु म्हणते!" एकीने तर देवापुढे दिवा लागायची वेळ आहे म्हणून फोनच ठेवला. भाचीच्या कागदावर या बायका 'धोका न मानणाऱ्या' अशा रकान्यात गेल्या असत्या. वास्तविक त्या मनातून इतक्या भ्यालेल्या होत्या, की शब्द तोंडातून काढायला तयार नव्हत्या. मी ते भाचीला कळवले आणि आम्ही विधान बदलले. 'आपल्या आळीतील आपल्या वयाच्या बाईला हा रोग होण्याचा संभव किती वाटतो?' मग मात्र सगळ्या बोलू लागल्या.

तिसरी गोष्ट वागणुकीची. 'बाहेर गेल्यावर तुम्ही लोकांपासून सहा फूट लांब राहता काय?' नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. जवळजवळ प्रत्येकीचे उत्तर 'नेहमी'. मी आनंदाने कागद भरत गेले. पण माझ्या गॅलरीतून समोरचे दूधकेंद्र दिसते. तेथे चुन्याने वर्तुळे आखली होती. एके सकाळी सहज पाहिले, तर प्रत्येक वर्तुळात एकेक पिशवी शहाण्यासारखी उभी, आणि पिशव्यांच्या मालकिणी पलीकडे सावलीत खांद्याला खांदा लावून बोलत बसलेल्या! त्यांतील दोघींनी मला आदल्याच दिवशी 'नेहमी' सांगितले होते.

आपण हसलात. मीही हसले होते. पण त्या बायका खोटारड्या होत्या असे मात्र समजू नका. केनियात त्याच वर्षी असे पाहिले गेले, की विचारले तेव्हा दहांतील जवळजवळ नऊ जणांनी आपण सार्वजनिक जागी मुखपट्टी लावतो असे सांगितले, आणि रस्त्यावर उभे राहून मोजले तेव्हा दहांत एकाच्या तोंडावर ती नीट लावलेली होती. हा माणसाचा स्वभावच आहे. कोणी चांगल्या गोष्टीविषयी विचारले, की आपण काय करतो ते न सांगता आपण काय करायला हवे ते सांगतो. विचारणारी जर शाळेतली बाई असेल, तर पाहायलाच नको! वाण्याच्या तराजूला जसा पासंग असतो, तसा प्रश्नालाही असतो. पासंग आहे म्हणून तराजू फेकून देत नाहीत. तो किती आहे ते पाहून मग वजन करतात.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. 'नेहमी' वगैरे शब्द काढून 'काल' धरला. काल तुम्ही किती वेळा बाहेर गेलात? कोठे? तेथे कोणाशी बोललात? कालचे खोटे सांगणे कठीण असते, आणि विसरणेही. दुसरे असे, की विचारण्याच्या जोडीला मी दूधकेंद्रावर रोज पंधरा मिनिटे नुसते मोजू लागले. नाव नाही, गाव नाही, फक्त किती माणसे आणि किती अंतर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की पासंग दिसू लागतो.

आता अडचणींच्या प्रश्नाविषयी. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना टाळेबंदीत मी पगार दिला, पण यायला नको म्हटले होते. त्यांनाही फोन केला. "मावशी, तुम्ही लोकांपासून अंतर ठेवता का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, लोकच आमच्यापासून ठेवतात की. माझा कप तुमच्या खिडकीत कधीपासून वेगळा आहे. आता रोग आलाय, तर आम्हाला विचारता. इथं नळाला पन्नास बायका न् एक तोटी. सहा फूट कुठून आणू?"

मी कागदावर काय लिहिणार? 'अंतर ठेवत नाही. अडचण: जागा नाही.' तेवढेच लिहिले. कपाला रकाना नव्हता.

मावशींचे म्हणणे किती खरे होते, ते थोड्याच दिवसांत आकड्यांनी दाखवले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासून पाहणी झाली. झोपडवस्तीतील शेकडा ५७ जणांच्या रक्तात हा रोग होऊन गेल्याची खूण सापडली, आणि तेथेच इमारतींत राहणाऱ्यांत शेकडा १६. दाट वस्ती, सामाईक शौचालये, सामाईक नळ ही त्यामागची कारणे म्हणून सांगितली गेली. या भगिनींच्या समजुतीत काय उणे होते? रोग वाईट आहे हे त्यांना पटले होते, अंतराचा उपयोगही पटला होता. नव्हती ती जागा. समजूत मोजताना अडचण मोजली नाही, तर आपण गरिबाच्या माथी अज्ञानाचा शिक्का मारतो, हे मी त्या फोनवर शिकले. मावशींचा कप मी त्याच आठवड्यात इतर कपांत मिसळून टाकला. तेवढ्याने फेड होत नाही, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक गंमत आकड्यांत दिसली. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या बायका 'रोगाचा संभव फारसा नाही' म्हणत होत्या, आणि रोज बाजारात जाणाऱ्या 'संभव फार आहे' म्हणत होत्या. वरवर पाहणारा म्हणेल, की ज्यांना भीती त्याच बाहेर हिंडतात, हे काय शास्त्र झाले? मी भाचीला हे विचारले, तर ती म्हणाली, "मामी, छत्री घेऊन निघालेल्या बाईला विचार, भिजशील का? ती नाहीच म्हणणार. पाऊस नाही असे तिला वाटते म्हणून नव्हे, तर छत्री आहे म्हणून." म्हणजे प्रश्नच असा हवा, की 'तुम्ही अंतर ठेवले नाहीत, तर रोग होण्याचा संभव किती?' शिवाय एकदाच विचारून भागत नाही, त्याच बाईला महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारावे लागते. आधी समजूत बदलली की आधी वागणूक, हे तेव्हाच कळते. मला तिचा फार अभिमान वाटला. तिच्या आईला, म्हणजे माझ्या वन्संना, मी तो फोनवर बोलूनही दाखवला.

आता ज्यासाठी मी येथे उभी आहे, ते सांगते.

प्रश्नावली छापून झाल्यावर पहिला कागद मी माझाच भरला होता. त्यात एक प्रश्न असा होता: 'गेल्या आठवड्यात घराबाहेरील कोणी व्यक्ती तुमच्या घरी येऊन बसली काय?' मी लिहिले, 'नाही.' पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस दुसरी फेरी झाली, तेव्हाही लिहिले, 'नाही.' त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती बसले. आरतीला कोणाला बोलावले नाही, प्रसाद दारातच ठेवला. चौथ्या दिवशी गौरी आल्या. दुसऱ्या दिवशी गौरीजेवणाला वन्सं आल्या. दोघी मिळून सोळा भाज्या चिरल्या, पुरण वाटले. त्या वाटत होत्या, मी घाटत होते. स्वयंपाकघराची खिडकी धुरामुळे नव्हे, पावसामुळे लावून घेतली होती. दुपारी आम्ही एकाच सतरंजीवर पडलो आणि जुन्या गोष्टी काढून हसलो. पाच महिन्यांनी भेटत होतो.

आणि चार दिवसांनी भाचीच्या कागदावर मी 'घराबाहेरील कोणी आले नाही' असे लिहिले. भगिनींनो, मी खोटे लिहिले नाही. माहेरवाशीण ही काय घराबाहेरील व्यक्ती असते? वन्सं परक्या, असा विचारही माझ्या मनास शिवला नाही. कागद भाचीकडे गेला त्याच संध्याकाळी वन्संना ताप आला. मला दोन दिवसांनी. मी घरीच बरी झाले. त्या इस्पितळात गेल्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेल्या. भाची मुंबईहून पोहोचली तेव्हा तिला लांबूनच पाहावे लागले.

कोणाकडून कोणाला झाला, हे कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित त्या येताना बसलेल्या रिक्षात असेल, कदाचित माझ्या दुधाच्या पिशवीच्या रांगेत असेल. ते मी आता शोधत नाही. पण मला चारही समजुती पटल्या होत्या. पाची पायऱ्यांवर मी 'पूर्ण पटते' होते. रोग वाईट, संभव मोठा, अंतराचा उपयोग आहे, मला जमेल. माझे गुण पैकीच्या पैकी होते. आणि या सगळ्यांच्या खाली एक पाचवी समजूत मुकाट बसलेली होती, की रोग परक्याकडून येतो, आपल्या माणसाकडून येत नाही. ती कोणी विचारली नाही, म्हणून मीही ती पाहिली नाही.

दिवस झाल्यावर भाचीने माझा कागद काढला. मला वाटले, ती काही बोलेल. ती म्हणाली, "मामी, चूक प्रश्नाची आहे. घराबाहेरील म्हणजे कोण, हे मी ठरवले नव्हते." मग तिने प्रश्न नव्याने लिहिला: 'काल तुमच्या स्वयंपाकघरात कोण कोण बसले होते? त्यांपैकी रात्री तुमच्या छपराखाली कोण झोपले नाही?' तो मी पुन्हा सगळ्या बायकांना विचारला. बहीण आली होती. लेक-जावई आले होते. दीर डबा द्यायला येऊन जेवून गेले होते. पूर्वी 'कोणी आले नाही' म्हणणाऱ्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी निघाले. ज्या बायकांना उत्तर देताना आपली चूक लक्षात आली, त्या फोनवर गप्प होत. मीही त्यांना काही बोलत नसे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की साथ गेली, आता हे मोजमाप कशाला? पुण्याच्या माणसाने तरी असे म्हणू नये. १८९७ सालच्या प्लेगात येथे घराघरांत सोजीर शिरले, माजघरापर्यंत गेले, माणसे ओढून छावणीत नेली. रोग्यांची मोजणी चोख झाली, पण लोकांच्या मनात काय आहे हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. मग लोक रोगी लपवू लागले. त्याचा शेवट काय झाला, ते येथे नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी त्याच रोगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला गेल्या. एकाच गावात एकाच वर्षी सक्ती आणि सेवा दोन्ही लोकांनी पाहिली. तेव्हा केलेला साथीचा कायदा २०२० साली आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. कायदा माणसाला लांब उभे करू शकतो. लांब का उभे राहायचे, हे मात्र कोणी तरी जवळच्या माणसानेच विचारावे आणि सांगावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशा सेविका दारोदार फिरल्या, तेव्हा लोकांनी दारे उघडली ती त्यांच्या ओळखीच्या चेहऱ्याला.

हे ओळखीचे चेहरे म्हणजेच आपले मंडळ. उद्या डेंग्यू येईल, फ्ल्यूची लाट येईल, किंवा नाव नसलेले काही येईल. तेव्हा सूचनांचे फलक लावण्याआधी आपण आपल्या आळीत चार प्रश्न विचारूया. 'पाळता का?' असे न विचारता 'काल काय झाले?' असे विचारूया. 'का पाळत नाही?' याऐवजी 'काय अडते?' असे विचारूया. उत्तर ऐकून रागावायचे नाही, कारण रागावलेल्या बाईला दुसऱ्या वेळी खरे उत्तर मिळत नाही. आणि पहिला कागद स्वतःचा भरायचा, तो दुसरीकडून वाचून घ्यायचा. नळावरच्या बाईला अडते ते आपल्याला सोडवता येत असेल, तर ते आधी सोडवायचे.

गौरी दरवर्षी येतात. गेल्या वर्षी भाची आली होती. पुरण तिने वाटले. बाहेर पाऊस होता, पण खिडकी आम्ही उघडीच ठेवली होती.